मागच्या रांगेतलं व्हायोलिन

“कुमुद, तुझा गज बघू जरा,” त्रिभुवन सर म्हणाले.

पुण्यातल्या एका मोठ्या सभागृहाच्या मागच्या खोलीत आम्ही सगळी मुलं दाटीवाटीनं उभी होतो. कुणाची रिबन सुटली होती, कुणाला ऐन वेळी तहान लागली होती. बाहेर खुर्च्या भरत असल्याचा आवाज आत येत होता. मी माझ्या व्हायोलिनचा गज पुढे केला. सरांनी तो दिव्याकडे धरून पाहिला, त्याच्या केसांवरून अंगठा फिरवला आणि तो घेऊन बाहेर गेले.

मला वाटलं, राळ लावायला नेला असेल. गजाला राळ नसली तर तो तारेवरून नुसता घसरतो, हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवलेलं होतं.

थोड्या वेळानं सर परत आले. गज माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “जा, जागेवर बस,” एवढंच म्हणाले.

माझी जागा अगदी मागच्या रांगेत, रुबिनाच्या शेजारी. मी तेव्हा नववीत होते.

आमच्या नगरात तेव्हा कंडक्टर म्हटलं की लोकांना एसटीचा कंडक्टरच आठवायचा. माझे वडील, आप्पा, तेच होते. एलिशा त्रिभुवन सर मात्र दुसऱ्या प्रकारचे कंडक्टर. ते नगरच्याच ख्रिस्ती वस्तीत वाढले, चर्चमध्ये व्हायोलिन शिकले, मुंबईला गेले आणि तिथून जर्मनीला. तिकडे एका गावच्या ऑर्केस्ट्रापुढे काळा कोट घालून ते कित्येक वर्षं उभे राहिले. मग सगळं सोडून परत आले आणि नगरपालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये मुलांना फुकट शिकवायला लागले. का परत आलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, “मला चर्च होतं म्हणून व्हायोलिन हातात मिळालं. ज्याला चर्च नाही त्यानं काय करायचं?”

त्यांच्याकडे प्रवेश परीक्षा नव्हती. रिक्षावाल्यांची, भाजीवाल्यांची, विडी कामगारांची मुलं यायची. आप्पा मला घेऊन गेले तेव्हा लाजत म्हणाले होते, “सर, मी पण कंडक्टरच आहे. एसटीत.”

सर मोठ्यांदा हसले होते. “मग आपलं जमेल. दोघांनाही गर्दी सांभाळायची असते.”

“हिला जमेल का पण? हिची डाव्या हाताची करंगळी जरा वाकडी आहे.”

“इथं कुणाला परत पाठवत नाही,” सर म्हणाले होते. “जो येईल तो वाजवील.”

वाद्यं थोडी आणि मुलं जास्त, त्यामुळे व्हायोलिन घरी न्यायला मिळायचं नाही. सकाळची तुकडी उठली की दुपारची बसायची. आप्पांची ड्यूटी नेमकी त्याच वेळांना, त्यामुळे त्यांनी मला वाजवताना कधी पाहिलंही नव्हतं. पुण्याच्या कार्यक्रमासाठी त्यांनी आठवडाभर आधी रजा टाकली होती.

त्या कार्यक्रमावर सगळंच अवलंबून होतं. शाळेला तिचा हॉल परत हवा होता. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या सौदामिनी कामत म्हणून बाई होत्या. त्यांच्या ट्रस्टची नगरात एक रिकामी इमारत होती आणि ती आम्हाला द्यायची की नाही हे त्या आमचं वादन ऐकून ठरवणार होत्या. एकदा तालीम ऐकायला त्या नगरला आल्या होत्या. जाताना सरांना म्हणाल्या, “मुलं गोड आहेत हो. पण मागच्या कोपऱ्यातून काहीतरी कानाला टोचतं. पुण्यात जाणकार मंडळी असतील, तेवढं बघा.”

मी पाण्याच्या माठापाशी उभी होते. मला वाटलं, त्या रुबिनाबद्दल बोलतायत.

पडदा सरकला. सरांनी हात वर केले, आम्ही व्हायोलिनं खांद्याला लावली. पहिला तुकडा आम्हाला झोपेत विचारला असता तरी आला असता. सरांचा हात खाली आला आणि मी गज ओढला.

आवाज आला नाही.

मी पुन्हा ओढला, जोर देऊन. काहीच नाही. माझ्या चारी बाजूंनी सूर उसळत होते आणि माझ्या हातातलं लाकूड मुकं झालं होतं. आधी वाटलं, माझे कान बंद झाले. मग वाटलं, तार सैल झाली. मी हळूच गजाच्या केसांना बोट लावलं. ते बुळबुळीत होते. बोट नाकाशी नेलं तर साबणाचा वास आला. बेसिनवर ठेवलेल्या त्या गुलाबी साबणाचा. थोड्या वेळापूर्वीच आम्ही सगळ्यांनी त्यानं हात धुतले होते.

मी सरांकडे पाहिलं. सर एरवी वाजवताना प्रत्येकाकडे बघायचे, शेवटच्या रांगेकडे तर हटकून. त्या दिवशी त्यांची नजर सगळीकडे फिरली. आमच्या कोपऱ्याकडे तेवढी आली नाही.

तेव्हा मला समजलं. कामतबाईंना टोचणारी मीच होते.

थांबावं, उठून जावं, असं वाटलं. पण समोर तिसऱ्या रांगेच्या टोकाला आप्पा बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर टोपी, आणि डोळे माझ्यावर. मी गज फिरवत राहिले. रुबिनाचा गज वर गेला की माझा वर, तिचा खाली आला की माझा खाली. जात्यावरच्या ओवीची चाल सरांनी आमच्यासाठी बसवली होती, ती शेवटाकडे आली. तिच्यात चार ओळी मागच्या रांगेतल्या आम्ही दोघींनीच वाजवायच्या होत्या. त्या एकट्या रुबिनानं वाजवल्या. मी तिच्या शेजारी मान डोलवत गज फिरवला. टाळ्या पडल्या तेव्हा मीही सगळ्यांबरोबर वाकून नमस्कार केला.

नंतर बाहेरच्या ओट्यावर कामतबाई सरांना म्हणाल्या, “इमारत तुमची. ओवीनं तर रडवलंत.” मुलं ओरडायला लागली, एकमेकांच्या गळ्यात पडायला लागली. तेवढ्यात आप्पा गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले.

“सर, एवढ्या सगळ्या वाद्यांत मी आमच्या कुमुदचा आवाज बरोबर ओळखला बघा. ते ओवीत शेवटी एकटं वाजलं ना, ती हीच ना?”

सरांचा चेहरा मला अजून दिसतो.

“हो,” ते म्हणाले.

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली मी अंग चोरून उभी राहिले. मला सरांचा राग आला नव्हता. खरं सांगायचं तर लाज वाटत होती, आणि ती माझी मलाच. आप्पांचा आनंद आपण कुठून तरी चोरून आणलाय, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी डेपोत पेढे वाटले. एक पुडा सरांच्या वर्गावर पाठवला. गाडीत ओळखीचा प्रवासी दिसला की सांगायचे, “आमची पोरगी एकटी वाजवत होती. हॉल गप्प.” घरी आईला त्यांनी ती ओवी गुणगुणून दाखवली. मी पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि वर्गाला जायचं बंद केलं. मग ताप आला म्हणून सांगितलं. मग काही सांगेनाशी झाले.

पुढच्या रविवारी आई म्हणाली, “घरात तोंड पाडून बसतेस त्यापेक्षा आप्पांबरोबर पाथर्डीला एक चक्कर मारून ये.”

गाडी स्टँडवरून निघणार इतक्यात सर धावत आले. दम लागला होता. आमच्या घरी जाऊन, आईला विचारून ते थेट स्टँडवर आले होते.

“सर! इकडं कुठं?” आप्पांनी दार उघडलं.

“तुमच्याकडेच. पाथर्डीचं एक द्या.”

“तुमच्याकडून पैसे घेऊ होय मी?”

“द्या हो,” सर म्हणाले. “प्रवाशासारखं बसू द्या मला.”

आप्पांनी हसत तिकीट फाडलं. गाडीत गर्दी नव्हती. सर माझ्या शेजारी येऊन बसले. “कुमुद,” म्हणाले आणि हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. गाव मागे पडलं. आप्पा तिकिटं देऊन आले आणि पलीकडच्या सीटवर टेकले.

“पेढे मिळाले ना सर?”

“खरातसाहेब,” सर आप्पांना म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं.”

“काय विचारलं मी?”

“ओवीतला आवाज कुमुदचा नव्हता. तिचा आवाज त्या दिवशी कशातच नव्हता. मी तिच्या गजाला साबण चोळला होता.”

आप्पांना कळलं नाही. “साबण कशाला?”

“आवाज निघू नये म्हणून.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“वाजवायला लागल्यावर कळलं.”

“मग?”

“मग नुसता गज फिरवला.”

“सगळा वेळ?”

मी मान हलवली. पुढच्या फाट्यावर एक बाई हात दाखवत उभी होती. गाडी थांबली. आप्पा उठले, तिची पाटी आत घेतली, तिकीट दिलं, सुट्टे परत केले, डबल बेल दिली. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता.

“म्हणजे मी ऐकलं ते कुणाचं होतं?”

“रुबिनाचं. हिच्या शेजारी बसते ती.”

“चांगलं वाजवत होती पोरगी,” आप्पा म्हणाले.

सरांनी चेहरा ओंजळीत घेतला. भर गाडीत, दिवसाढवळ्या. पाटीवाली बाई वळून बघायला लागली.

“पण का, सर?” आप्पांनी विचारलं.

“तिची करंगळी तारेवर पुरती टेकत नाही. स्वर उतरतो. बाईंच्या कानाला तो लागला. मला वाटलं, इमारत गेली तर सगळ्याच मुलांचं बंद पडेल. एकीला एक दिवस गप्प बसवलं तर काय बिघडतं, असा विचार केला मी. तिला सांगायचीही हिंमत झाली नाही. सगळीकडे सांगत फिरतो की माझ्याकडे कुणाला परत पाठवत नाही. आणि परत पाठवलं असतं तर बरं झालं असतं, असं काहीतरी केलं मी.”

आप्पांनी माझा डावा हात उचलून आपल्या तळहातावर ठेवला आणि करंगळी सरळ करायचा प्रयत्न केल्यासारखा तिच्यावरून अंगठा फिरवला.

“दार मी लावलं होतं,” ते म्हणाले.

“कसलं दार?” सरांनी विचारलं.

“गाडीचं. ही एवढीशी होती. डेपोत गाडी उभी होती, ही माझ्या मागं मागं चढत होती आणि मी न बघता दार ओढलं. तेव्हापासून हे बोट असं. तुमच्याकडं हिला घातली ती याच्यासाठीच, सर. म्हटलं, बोटांचं काम आहे, वाजवता वाजवता होईल सरळ.”

करंगळी दारात चिमटली, एवढंच मला घरी सांगितलेलं होतं. दार कुणी लावलं ते कुणी बोललं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

“त्यात तुमची काय चूक?” सर म्हणाले.

“न बघता ओढलं ना मी.”

“मी बघून केलं,” सर म्हणाले.

ते दोघं माझ्या हाताकडे बघत बसले होते आणि मला तो कुठेतरी लपवावासा वाटत होता. या एका बोटामुळे दोन चांगली माणसं माझ्यासमोर अशी बसली आहेत, असं मला वाटत होतं. चूक कुणाची, हे नीट समजायला मला पुढे फार वर्षं लागली. आणि समजल्यावरही ते वाटणं पुरतं गेलं नाही.

पाथर्डी आली. सर उतरले नाहीत, परतीचंही तिकीट त्यांनी काढलं. नगर जवळ आल्यावर आप्पा म्हणाले, “सर, तुमचं स्वतःचं व्हायोलिन आहे ना? संध्याकाळी घेऊन या घरी.”

त्यानंतरचं आधी सांगून टाकते. सरांनी कामतबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या हसल्या म्हणे. “अहो, सगळीकडे करतात हे. इमारत तुमचीच आहे, मनाला लावून घेऊ नका.” सरांना ते हसणं फार लागलं, त्यांनी रागावायला हवं होतं, असं ते म्हणायचे. नव्या इमारतीत पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या पालकांना बोलावलं आणि उभं राहून सांगितलं. रुबिनाच्या वडिलांनी विचारलं, “आमच्या पोरीच्या गजाला पण कधी साबण लावला होता का?” सर नाही म्हणाले. पण पुढे कितीतरी महिने कार्यक्रमाआधी मुलं आपापला गज गुपचूप हुंगून बघायची, आणि सर ते बघायचे. दोन मुलं सोडून गेली, ती परत आली नाहीत.

मुंबईच्या एका मोठ्या वाद्यवृंदानं सरांना कायमचं बोलावलं होतं, तिकडे ते गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी प्रत्येक मुलाचा हात बघून त्याच्यापुरतं वेगळं संगीत लिहायला सुरुवात केली. मला तीन बोटांचं लिहिलं. पुढे एका हाताची मुलगी आली, न दिसणारा मुलगा आला, ऐकायला कमी येणारी दोघं भावंडं आली. त्या प्रत्येकाला सरांनी असा भाग लिहून दिला की तो वाजला नाही तर सगळ्यांचंच अडावं. आज मी तिथेच शिकवते. सरांचे सत्कार झाले, भाषणं झाली, आणि प्रत्येक भाषणात कुणीतरी पुण्याच्या त्या पहिल्या यशस्वी कार्यक्रमाचा उल्लेख करायचंच. सर तेव्हा मान खाली घालून बसायचे. शेवटच्या आजारपणात मी एकदा म्हटलं, “सर, सोडा ना आता ते.”

“तू सोड,” ते म्हणाले. “मला नको सांगूस.”

पण मला त्या रविवारची संध्याकाळ सांगायची आहे. सर आले. आमच्या खोलीत एकच खुर्ची होती, ती आईनं पुढे केली. सर सतरंजीवर बसले. त्यांनी आपलं व्हायोलिन काढून माझ्याकडे दिलं. जर्मनीहून आणलेलं, गडद, माझ्या हाताला मोठं होणारं. आप्पा भिंतीला टेकून बसले.

“ती ओवीच वाजव,” ते म्हणाले. “एकटी वाजवायचीस ती.”

मी गज ओढला आणि आवाज आला. इतका मोठा की शेजारच्या काकू दारात आल्या. तिसऱ्या ओळीत करंगळीचा स्वर आला आणि नेहमीसारखा उतरला. सर डोळे मिटून बसले होते. मी थांबले.

“थांबलीस का?” आप्पा म्हणाले. “पुन्हा वाजव.”

मी पुन्हा सुरुवातीपासून वाजवली. स्वर पुन्हा तिथेच उतरला, आणि या वेळी मी थांबले नाही. चारी ओळी संपल्या. आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

“हा आवाज मी तिथं ऐकला नव्हता,” आप्पा सरांना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

“नाही,” सर म्हणाले. “मीच ऐकू दिला नाही.”

आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात नवं माणूस आलं की त्याची चौकशी करतात, तसं.

“अजून काय काय येतं तुला?” त्यांनी विचारलं.